ब्राउझर काढून पुन्हा टाकू नका, आधी हे वाचा

चाळीस टॅब असलेली विंडो चुकून बंद झाली, आता ब्राउझर उघडला की कोरं पान दिसतं, आणि कुणीतरी तुम्हाला ब्राउझर काढून पुन्हा टाकायला सांगितलंय. हे वाचलं आणि तीन वर्षांपूर्वीची माझी संध्याकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंट्रोल, शिफ्ट आणि टी (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड) तुम्ही दाबून पाहिलंच असेल, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एक सांगते, ते एकदा दाबून थांबू नका. बंद झालेले टॅब उलट्या क्रमाने परत येतात, आणि अख्खी विंडो बंद झाली असेल तर तिची पाळी आली की ती सगळ्या टॅबसकट येते. नंतर तुम्ही दोन-चार फुटकळ टॅब उघडून बंद केले असतील, तर आधी तेच येतील.

माझं काय झालं ते सांगते. प्रबंधाच्या एका प्रकरणासाठी क्रोममध्ये साठेक टॅब उघडे होते, आणि बाजूला एका टॅबची छोटी विंडो. मोठी विंडो चुकून बंद झाली. छोटी अजून उघडीच होती. तिथेच त्या तीन कळा दाबल्या असत्या तर काम झालं असतं. मी घाबरून छोटीही बंद केली आणि क्रोम पुन्हा सुरू केला. एकच टॅब आला. मग पुन्हा बंद, पुन्हा सुरू, असं पाच-सहा वेळा. ब्राउझर मागच्या सत्राची नोंद ठेवतो, पण जुन्या नोंदी साठवत बसत नाही. दर वेळी सुरू केला की नवी नोंद तयार होते आणि जुनी मागे ढकलली जाते. माझे साठ टॅब मीच पुसत होते.

तरीही इतिहास शिल्लक होता. क्रोम तो 90 दिवस ठेवतो. तासभर बसून पानं शोधता आली असती. पण मी मदत कक्षाला फोन केला. पलीकडच्या माणसाने प्रश्न पुरता ऐकलासुद्धा नाही. ‘सगळा ब्राउझिंग डेटा साफ करा, मग पुन्हा इन्स्टॉल करा.’ मी केलं. इतिहास गेला, ‘अलीकडे बंद केलेले’ ही यादीही गेली, आणि सिंक (एकाच खात्याच्या सगळ्या उपकरणांवर माहिती सारखी ठेवणारी सोय) चालू असल्यामुळे फोनवरचा इतिहासही गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘तक्रार निकाली निघाली आहे.’ आजही आठवलं की संताप होतो. ज्याची वस्तू हरवली आहे त्याला घर झाडून काढायला सांगणं ही मदत नव्हे.

म्हणून माझं ठाम मत: काहीही पुसायच्या आधी नक्कल करा. ब्राउझर पूर्ण बंद करा आणि प्रोफाइलचा, म्हणजे ब्राउझर तुमची सगळी माहिती जिथे ठेवतो तो, अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. क्रोममध्ये त्यातल्या ‘सेशन्स’ फोल्डरमध्ये या नोंदी असतात. त्या फायली अदलाबदल करून टॅब परत येतीलच अशी हमी मी देणार नाही, पण नक्कल असली तर प्रयत्न फसला तरी नुकसान होत नाही.

फायरफॉक्स असेल तर आशा जास्त आहे. प्रोफाइलमध्ये ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘रिकव्हरी’ नावाची फाइल चालू सत्राची आणि ‘प्रीव्हियस’ नावाची त्याआधीच्या सत्राची. ‘प्रीव्हियस’ची प्रत प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरमध्ये आणून तिला ‘सेशनस्टोअर’ (sessionstore) हे नाव द्यायचं, पुढचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, तसंच ठेवायचं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिचं नाव बदलून ठेवा. हे सगळं फायरफॉक्स बंद असतानाच करा, चालू असेल तर बंद होताना तो त्या फाइलवर स्वतःची नोंद लिहितो. मी संगणक क्षेत्रातली नाही, पण एका मैत्रिणीचे टॅब अशाच रीतीने परत आणले आहेत.

खासगी विंडोतले टॅब मात्र विसरा. विंडो बंद झाली की त्यांची नोंद राहत नाही.

आणि ‘इतके टॅब ठेवायचेच कशाला’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. काम चालू असताना टेबलावर कागद पसरलेले असतातच. मी आता उठण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये त्याने विंडोतले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. फोल्डरला तारखेचं नाव देते.

तुमचा ब्राउझर कोणता, आणि विंडो बंद झाल्यापासून तो किती वेळा सुरू केला, एवढं कळवा. तोवर ‘साफ करा’ या बटणाला हात लावू नका.