वेब डेव्हलपमेंटसाठी आधी जावामधून ओओपी शिकायलाच हवं का?

प्रश्नात लिहिलंयस की बीएससी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, वेबमध्ये जायचंय, आणि ठाणे स्टेशनजवळचा क्लासवाला म्हणतो की आधी चार महिने जावामधून ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग), मगच वेबला हात लावायचा. हे खरं का, आणि किती दिवस लागतील? (अरे-तुरे करते, राग मानू नकोस. या धंद्यात मला चौदा वर्षं झाली.)

खरं नाही. ज्या भाषेत वेब करणार, त्याच भाषेत ओओपी शिक. पीएचपी तर पीएचपी, पायथन तर पायथन. आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर 'अॅनिमल' आणि त्याखाली 'डॉग', 'कॅट' आले (वरच्याचे गुण खालच्याला आयते मिळतात, यालाच इनहेरिटन्स म्हणतात), तर सरळ उठून वडापाव खायला जा. त्या कुत्र्या-मांजरांपायी माझा 2017 चा जुलै कसा गेला ते सांगते.

महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होते. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून लोकल, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. आमचं प्रॉडक्ट म्हणजे ब्राउझरवर चालणारं बिलिंग, गिऱ्हाइकं तुर्भे-वाशीकडचे घाऊक व्यापारी. साधं पीएचपी, फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) नाही. रचना सीनियर सरांची. वर 'बिल' नावाचा क्लास (शिकवणीचा नव्हे, कोडमधला: ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात तो साचा). त्याखाली राज्यातल्या विक्रीचं 'व्हॅटबिल' आणि राज्याबाहेरचं 'सीएसटीबिल' (सीएसटी म्हणजे केंद्रीय विक्री कर). व्हॅटबिलाखाली दरागणिक आणखी पोरं. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, तीही 'बिल'चीच मुलगी, का तर छपाईचा कोड आयता मिळतो. सातबाऱ्यावर वारस चढत जातात तसा तो वंश वाढत गेला होता. व्हॅटमध्येही एका बिलात दोन दरांचा माल यायचाच. तेव्हा आम्ही व्यापाऱ्याला दोन बिलं करायला लावायचो!

मी मीटिंगमध्ये म्हटलं, सर, कराचा हिशेब बिलाच्या पोटातून बाहेर काढू या. त्याचा वेगळा ऑब्जेक्ट करू, बिलाला तो बाहेरून देऊ, जीएसटी येतोय. सर हसले. "अगं, मग इनहेरिटन्स कशासाठी असतं? कोड रीयूज. तुला ओओपी कळलंच नाहीये." आठ जणांसमोर. मी गप्प. मुद्दा कळत होता, पण त्याला कंपोझिशन म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं. आणि 1994 चं चौघा लेखकांचं 'डिझाइन पॅटर्न्स' सरांच्या मॉनिटरखाली उंची वाढवायला ठेवलेलं असायचं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की इनहेरिटन्सपेक्षा कंपोझिशनला पसंती द्या.

1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, शनिवार होता. सरांनी शुक्रवारी संध्याकाळी 'बिल'मधली कर काढायची मेथड (क्लासमधलं फंक्शन) बदलली, दहा-बारा ओळी, आणि घरी गेले. सोमवारी तुर्भ्याहून पॅकिंग मटेरियलवाल्या शेठचा फोन. "मॅडम, जूनचं बिल परत छापलं तर त्यावर सीजीएसटी-एसजीएसटी येतोय. पार्टी पैसे अडवून बसलीये."

झालं असं होतं. ज्या पोरींनी ती मेथड ओव्हरराइड केली होती, म्हणजे आईची सोडून स्वतःची लिहिली होती, त्या अजून व्हॅट लावत होत्या. ज्या आईच्या जिवावर होत्या, त्या सगळ्या एका रात्रीत जीएसटीत गेल्या, जुन्या बिलांसकट, कारण आम्ही छापताना कर नव्याने काढायचो. (कराची रक्कम बिलासोबत जपून ठेवायला हवी होती. ती चूक माझीही.) जूनमध्ये विकलेला माल जुलैत परत आला, तर क्रेडिट नोट कोणाचं ऐकेल हे पाच फायली उघडल्याशिवाय सांगता येईना. त्यात जीएसटीचा दर ओळीओळीला वेगळा. 18 टक्क्यांचा माल महाराष्ट्रात विकला तर 9 अधिक 9 (केंद्राचा सीजीएसटी, राज्याचा एसजीएसटी), गुजरातला गेला तर सरळ 18 आयजीएसटी.

तीन रात्री बसले. एक इंटरफेस केला (नुसता करार, आत कोड नाही), त्यात एकच मेथड: बिलाच्या ओळी घ्या, कर सांगा. तो पाळणारे दोन क्लास, जुन्या करांचा एक आणि जीएसटीचा एक. बिलाची तारीख 1 जुलैच्या आधीची असेल तर पहिला द्यायचा, नाहीतर दुसरा. बिलाला कळतही नाही आपल्याला कोण मिळालाय. वंशवृक्ष डिलीट केला, त्या क्षणाचं समाधान पगारवाढीलाही नव्हतं. पुढच्या आठवड्यात वर मेल गेली: 'सरांनी केलेलं रीफॅक्टरिंग' (म्हणजे कोडची फेरमांडणी). असो.

एक गोष्ट मलाही उशिरा कळली. 5, 18 हे नुसते आकडे आहेत, आकड्यांना क्लास लागत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला बहुतेक मालाचे 12 आणि 28 चे टप्पे गेले, तेव्हा मी दुसऱ्या ऑफिसात होते. तिथे दर तारखेसकट टेबलात होते. नव्या ओळी घातल्या आणि वेळेवर घरी गेले. वागणूक बदलते तिथे क्लास, आकडा बदलतो तिथे टेबल. हे मला कुठल्याच क्लासमध्ये सांगितलं नाही.

म्हणून कुत्र्याऐवजी तुझ्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल घे. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागतो, सर्व्हिस चार्जच्या जास्तीत जास्त 10 टक्के. पहिला मोह होईल 'फ्लॅट'खाली 'भाड्याचाफ्लॅट' काढायचा. काढ. मग पुढच्या वर्षी मालक परत राहायला येऊ दे. पीएचपीत ऑब्जेक्ट एकदा जन्मला की त्याचा क्लास बदलत नाही, फ्लॅट मात्र तोच असतो. तिथे अडलास किंवा अडलीस, की निम्मं ओओपी समजलं.

दुसरं, वेबवाल्याला हे माहीत हवं की पीएचपीत सहसा प्रत्येक रिक्वेस्टला सगळे ऑब्जेक्ट नव्याने बनतात आणि उत्तर गेलं की मरतात. टिकतं ते डेटाबेसमध्ये आणि सेशनमध्ये. जावाच्या सर्व्हलेटमध्ये (वेबची रिक्वेस्ट हाताळणारा क्लास) उलट, एकच ऑब्जेक्ट सगळ्यांच्या रिक्वेस्ट घेतो. त्याच्या फील्डमध्ये युजरचं नाव ठेवलंस तर एकाचं नाव दुसऱ्याला दिसू शकतं. फ्रंटएंडच (ब्राउझरमध्ये दिसणारी बाजू) करायचं असेल तर घाई नाही. जावास्क्रिप्टमध्ये 'क्लास' हा शब्द 2015 ला आला, आत अजून प्रोटोटाइपच आहेत (एक ऑब्जेक्ट थेट दुसऱ्या ऑब्जेक्टकडून गुण घेतो), आणि रिअॅक्ट या फ्रंटएंडच्या लायब्ररीत 2019 च्या हुक्सनंतर (त्यांनी क्लासची कामं फंक्शनमध्ये आणली) नवीन कोड बहुतेक फंक्शनमध्येच लिहितात.

आता थोडं सांभाळून. जावा वाईट नाही. ऐरोली-घणसोलीच्या मोठ्या कंपन्यांत स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) भरपूर चालतं, तिकडे जायचं असेल तर जावाच शीक. व्हायव्हा आणि इंटरव्ह्यूला ओओपीचे ते चार पिलर (एन्कॅप्सुलेशन, अॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलीमॉर्फिझम) विचारतातच, आदल्या रात्री पाठ कर. इनहेरिटन्सला मी एवढ्या शिव्या घातल्या, पण लॅरावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमधलं प्रत्येक मॉडेल 'मॉडेल' या क्लासवरूनच येतं, त्यामुळे वाचता यायलाच हवं. आणि जुलैच्या त्या विजयानंतर मी एका पतपेढीच्या साध्या फॉर्मसाठी सात इंटरफेस लिहिले होते, प्रत्येकाला एकेकच क्लास, म्हणजे फुकटचा पसारा. सरांच्या बाजूनेही सांगते: ते पीएचपी 4 वर शिकले, त्यात इंटरफेस नव्हतेच, प्रायव्हेटही (क्लासच्या आतलं बाहेरच्यांपासून झाकणं) नव्हतं. ते सगळं 2004 मध्ये पीएचपी 5 सोबत आलं.

किती दिवस, ते सोसायटीचं बिल किती दिवसांत होतं त्यावर. झालं की क्लास मोज आणि खाली कमेंटमध्ये आकडा टाक. सहाच्या वर गेला तर मी वाचायला येते. सर आता ऐरोलीतल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये काढतात, असं कळलं.