सायबर सुरक्षेत जायचंय, ‘पण माझं डोकं तसं नाही’

करिअरबद्दल बोलायला येणाऱ्या मुलींकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्यामागचंही मला पाठ झालंय: ‘मुलं लहानपणापासून कॉम्प्युटर खोलून बसलेली असतात, मी आत्ता कुठे सुरू करणार?’ सानिका (नाव बदललं आहे) हेच म्हणत आली. शेवटचं वर्ष, गुण चांगले, पण अर्ज भरायला हात धजेना.

अशा वेळी ‘तू हुशार आहेस गं’ म्हणून पाठ थोपटणं मला पटत नाही. ते कौतुक दाराबाहेर पडेपर्यंत टिकतं. करून पाहिल्याशिवाय आत्मविश्वास येत नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे. म्हणून तिला ‘ओव्हर द वायर’ या मोफत संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ हा टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, खेळायचा सरावाचा खेळ सुरू करायला सांगितलं, आणि काय होतं ते वहीत लिहायला.

पुढच्या भेटीला पडलेल्या चेहऱ्यानं आली. ‘सुरुवातीलाच अडकले. अख्खी संध्याकाळ गेली.’

‘कशात?’

‘फाइलचं नाव म्हणजे नुसती एक आडवी रेघ. फाइलमधलं दाखवणारी ‘कॅट’ कमांड दिली तर टर्मिनल गप्प. वाटलं, हँग झालं.’

‘झालं होतं?’

‘नाही. नुसती रेघ दिली की कॅटला वाटतं, आता कीबोर्डवरून कुणीतरी टाइप करणार. ते वाट बघत होतं! मग रेघेआधी टिंब आणि तिरकी रेघ दिली, उघडली फाइल.’

‘हे सांगितलं कुणी?’

‘कुणी नाही. मॅन्युअल वाचलं.’

वहीत मात्र एवढंच होतं: ‘साधी फाइल उघडायला संध्याकाळ गेली. जमणार नाही.’

मी विचारलं, ‘हे काम पगार घेऊन करणाऱ्यांचा दिवस कसा जात असेल?’

बराच वेळ ती वहीकडे बघत राहिली. मग हसली. ‘अडकण्यातच.’

इतक्या मुलींशी बोलून माझ्या हाती लागलेली गोष्ट ही. अडकलेला वेळ त्या स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून जमा करतात. या क्षेत्रात तर तोच कामाचा वेळ. ‘हे असं का वागतंय?’ म्हणत चिवटपणे बसून राहणं, हीच नोकरी. सानिकानं वहीतलं ते शेवटचं वाक्य स्वतःहून खोडलं. मी सुचवलंही नव्हतं.

उशीर झाला, शाखा वेगळी आहे, असं वाटणाऱ्यांनी एलिझबेथ फ्रीडमन यांच्याबद्दल वाचावं. शिक्षण इंग्रजी साहित्याचं, आणि अमेरिकेत दारूबंदीच्या काळात तस्करांचे सांकेतिक संदेश उलगडले त्यांनी. संगणकांतली घुसखोरी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणांचा पाया मानलं जाणारं 1987चं प्रारूप डोरोथी डेनिंग यांचं. ‘हे मुलांचं क्षेत्र’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना ही दोन नावं ऐकवायला हरकत नाही.

पालकांचा प्रश्न बहुधा रात्रपाळीचा असतो. तो रास्त आहे. चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या विभागात पाळ्या असतातच. ऑडिट, धोरण, कर्मचारी प्रशिक्षण यांत सहसा नसतात. मुलाखतीत सरळ विचारा, संकोच नको. वही सोडू नका. कुठे अडकलात, काय करून पाहिलं, कशानं सुटलं, हे मुलाखतीत सांगता आलं तर प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा जास्त बोलतं. आणि सराव फक्त सरावासाठी बनवलेल्या यंत्रणांवर. दुसऱ्याच्या यंत्रणेला लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, अगदी मैत्रिणीनं ‘माझं अकाउंट उघडून दाखव’ म्हटलं तरी.