वेबकॅमचं चित्र छोट्या रेडिओवरून पाठवायचंय? आधी बिट मोजा

तुमचा प्रश्न मला असा समजला: जुना यूएसबी वेबकॅम, आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि ४३३ मेगाहर्ट्झची साधी एएसके जोडी (लहरीची ताकद कमीजास्त करून बिट पाठवणारे ट्रान्समीटर-रिसीव्हर) एवढं हाताशी आहे. शंभर मीटरवर, मध्ये भिंत नसताना, हलतं चित्र पोचवायचं आहे. ट्रान्समीटरची ताकद वाढवली तर जमेल का?

नाही जमणार. अडचण ताकदीची नाहीच, बिटांची आहे. ६४० बाय ४८० चं चित्र, प्रत्येक पिक्सेलला १६ बिट, सेकंदाला ३० फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं), असा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट होतात. तुमची एएसके जोडी सेकंदाला जेमतेम काही हजार बिट नेते. तिला दहापट ताकद दिली तरी ती दूरवर ऐकू येईल, पण बोलेल तेवढ्याच सावकाश.

दुसरा अडसर उनोचा. वेबकॅम स्वतःहून काही पाठवत नाही, त्याला विचारणारा यूएसबी होस्ट (संगणकाच्या बाजूचा भाग) लागतो आणि उनोमध्ये तो नाही. शिवाय उनोची रॅम २ किलोबाइट, आणि वरच्या आकाराची एक कच्ची फ्रेमच सहा लाख बाइटांच्या पुढे जाते. म्हणून मध्ये लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड हवा, रास्पबेरी पाय झीरो पुरेसा आहे. बरेच वेबकॅम एमजेपेग, म्हणजे आधीच दाबलेल्या जेपेग फ्रेम, आतूनच तयार करून देतात. तुमचा देतो का ते सगळ्यात आधी बघा. देत असेल तर बोर्डाचं निम्मं काम वाचलं.

आता चित्र लहान करा. ३२० बाय २४०, दर्जा मध्यम ठेवला तर साध्या दृश्याची जेपेग फ्रेम साधारण १० किलोबाइटांत बसते, म्हणजे ८० हजार बिट. हा आकडा समोर ठेवूनच रेडिओ निवडायचा. ४३३ च्या जोडीवर अशा एका फ्रेमला वीसेक सेकंद लागतील, चुका धरून त्याहून जास्त. फाटक उघडं आहे की बंद, टाकीत पाणी किती, एवढंच बघायचं असेल तर हेही चालतं, आणि ते कमी लेखू नका. हौशी रेडिओवाले स्लो-स्कॅन टीव्हीने आवाजाच्या अरुंद पट्ट्यातून चित्रं पाठवतात. त्यातल्या रोबोट ३६ पद्धतीत एका चित्राला ३६ सेकंद लागतात, मार्टिन एम१ मध्ये ११४. केंब्रिज विद्यापीठातला १९९१ चा तो प्रसिद्ध कॉफीपॉटवरचा कॅमेरा तारेवरचा होता, पण तोही मिनिटाला तीनेकच करडी चित्रं द्यायचा. कॉफी आहे की संपली हे कळायला तेवढी पुरत होती.

हलतं चित्रच हवं असेल तर मी २.४ गिगाहर्ट्झचं एनआरएफ२४एल०१+ हे छोटं रेडिओ मॉड्यूल घेईन. कागदावर त्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट आहे. पण एका पॅकेटमध्ये ३२ बाइटच मावतात, त्यात पत्ता, सीआरसी (चूक ओळखणारे बिट), मिळाल्याची पोच आणि पाठवण्याकडून ऐकण्याकडे वळताना जाणारे १३० मायक्रोसेकंद धरले की हाती सेकंदाला पाचेक लाख बिट उरतात. म्हणजे फार तर सहा फ्रेम. हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवणं सुरू झालं की तीन-चार.

आता अंतर. २४०० मेगाहर्ट्झला शंभर मीटर मोकळ्या जागेत सुमारे ८० डीबी (डेसिबल; दर १० डीबीला ताकद दहापट बदलते) घट होते. हे मॉड्यूल ० डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅट सोडतं. साधे अँटेना धरले तर पलीकडे उणे ८० डीबीएम पोचणार. २ मेगाबिटला रिसीव्हरची ऐकू येण्याची मर्यादा उणे ८२ आहे, म्हणजे हातात फक्त २ डीबी. माणूस मध्ये उभा राहिला तरी दुवा तुटेल. २५० किलोबिटला हीच मर्यादा उणे ९४ आहे, तिथे १४ डीबी मिळतात, पण फ्रेम दीडच्या आसपास येतात. माझं मत: २५० किलोबिट ठेवा आणि दर्जा उतरवून फ्रेम ५ किलोबाइटांवर आणा. सेकंदाला तीन स्थिर फ्रेम या अडखळणाऱ्या सहापेक्षा कितीतरी उपयोगी. मग दोन्ही टोकांना दिशादर्शी अँटेना लावून वेग वाढवता येतो का ते बघा. मात्र अँटेनाने वाढणारी ताकद तुमच्या देशाच्या नियमात बसते ना, हे आधी तपासा.

मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या पिनांना अगदी चिकटून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच. हे मॉड्यूल मधूनच मुकं होतं, तेव्हा बहुतेक वेळा दोष पुरवठ्यात असतो.

सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट जपा. जेपेगचा एक तुकडा हरवला की पुढचं चित्र विस्कटतं. म्हणून प्रत्येक पॅकेटात फ्रेमचा क्रमांक आणि तुकड्याचा क्रमांक घाला. एखादा तुकडा आलाच नाही तर ती फ्रेम टाकून द्या आणि जुनी दाखवत राहा. शिळ्या फ्रेमसाठी पुन्हा पुन्हा मागणी केली तर ताजी अडकते. जेपेग बनवणाऱ्या एन्कोडरमध्ये रीस्टार्ट मार्करची (चित्र मध्येच नव्याने वाचायला सुरुवात करता येईल अशा खुणांची) सोय असेल तर ती चालू करा, मग एका चुकीने पट्टाभरच बिघडतो आणि अपुरी फ्रेमही दाखवता येते.

ॲनालॉगचाही रस्ता आहे: बोर्डाच्या कंपोझिट (जुन्या टीव्हीला जोडतात त्या) आउटपुटवरून ५.८ गिगाहर्ट्झच्या एफएम व्हिडिओ ट्रान्समीटरला. विलंब फार कमी आणि सिग्नल क्षीण झाला की चित्र हळूहळू खरखरतं, एकदम गायब होत नाही. पण टीव्हीच्या जुन्या चॅनेलवर सोडणारा एका ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर बनवू नका. त्याचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी) इतरांच्या पट्ट्यांत शिरतात, आणि बहुतेक देशांत ते बेकायदा आहे.

कॅमेरा जोडण्याआधी नुसती क्रमांकित पॅकेटं पाठवा आणि पलीकडे शंभरातली किती येतात ते त्याच जागी, त्याच उंचीवर मोजा. तो आकडा आणि वेबकॅम कोणकोणते फॉरमॅट देतो त्याची यादी इथे टाका, मग फ्रेमचा आकार किती ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.