पोरं पगारानंतरच्या सोमवारी का जातात?

प्रश्न : बेळगावजवळ मच्छ्याला माझं सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) वर्कशॉप आहे, 22 माणसं. आयटीआय झालेली पोरं घेतो, दोन महिन्यांत निघून जातात. वर्षात 9 गेली. शेजारचा 500 रुपये जास्त देतो, मला परवडत नाही. टिकला तर तीन महिन्यांनी पीएफ लावतो, तरी फरक नाही. काय करावं?
– एक कारखानदार, मच्छे

उत्तर : नऊ गेली म्हणता, पण कधी गेली ते लिहिलं नाहीत. हजेरीपुस्तक काढून बघा. माझी 31 वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेली, शेवटची 12 टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-पगाराच्या कामात. पोरगं जातं ते बहुधा पहिल्या पगारानंतरच्या सोमवारी, असं मी पाहिलंय.

खानापूर भागातलं एक पोरगं 16 तारखेला आमच्याकडं लागलं. हजेरी 20 ला बंद व्हायची, पगार 7 ला. सात तारखेला त्याच्या हातात पाच दिवसांचे पैसे पडले. बसच्या पासाला उसने घेतलेले, घरी 'पगार आणतो' म्हणून सांगून आलेलं. तिथं काही बोललं नाही, पण सोमवारी आलंच नाही. त्याच्या गावचा ऑपरेटर मला म्हणाला, "कंपनीनं पैसे खाल्ले म्हणूलालाय गा." खाल्ले नव्हते, उरलेले पुढच्या महिन्यात येणार होते. पण हे त्याला लागताना कुणी सांगायचं? मीच. सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून कामावर घेतानाच एक चिठ्ठी द्यायला लागलो : पहिला पगार कधी, किती दिवसांचा, त्यातून काय कापणार. गोकाक-बैलहोंगलकडच्याला कन्नडमधून, खानापूरवाल्याला मराठीतून. आपल्याकडं पोरं दोन्ही बोलतात, पण बऱ्याच जणांना वाचता एकच येतं.

पीएफचं तुमचं 'टिकला तर' आधी बंद करा. ज्याला पीएफ लागू आहे त्याला तो पहिल्या दिवसापासून लागतो, तीन महिने थांबायची मुभा कायद्यात नाही. ईएसआयचंही (कामगार विम्याचंही) तेच, तिथं मर्यादा महिना 21,000 पगाराची. डोळ्यात बर (धातूची कपची) उडाली की त्या कार्डाची किंमत कळते. आणि जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या. दोन नंबर झाले की पुढं पैसे काढताना पोरगं हेलपाटे घालतं आणि नाव तुमचं घेतं.

शिकवायला कोण? सगळ्यात हुशार ऑपरेटर देऊ नका, त्याला जॉबच्या (मशीनवर केलेल्या भागांच्या) आकड्यापुढं दुसरं काही दिसत नाही. गेल्या वर्षी लागलेला द्या, त्याला स्वतःची भीती अजून आठवत असते. आठवडाभर त्याचं टार्गेट थोडं कमी करा, नाहीतर तो नव्याच्या हातात झाडू देऊन मोकळा होईल. पहिले दोन दिवस मशीन नको. चार चांगले, चार रिजेक्ट जॉब आणि मायक्रोमीटर द्या, कुठले चुकलेत ते शोधू दे.

शेजारी 500 नाही, 3,000 जास्त देत असेल तर मात्र यातलं काही चालणार नाही, पगारच बघावा लागेल.

हल्ली मोठ्या कंपन्या पहिल्या दिवशी गुलाब आणि बॅग देतात म्हणे. देऊ देत. माझ्या पहिल्या फाउंड्रीत मुतारी कुठं ते दुपारपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि डबा मी वाळूच्या ढिगामागं बसून खाल्ला. तुम्ही एवढं तरी दाखवा. आणि महिन्याच्या मध्ये लागलेल्याला हजारभर उचल द्या, त्यानं मागायच्या आधी.