नंतर लोड होणाऱ्या लायब्ररीत ब्रेकपॉइंट कसा लागतो

काल ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली आली आणि तुझा प्रश्न अर्धवट राहिला, म्हणून लिहितोय.

प्लगइन 'डीएलओपन'ने (प्रोग्राम चालू असताना लायब्ररी लोड करणारं फंक्शन) नंतर येतं, मग त्यात ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायची खूण, कुठे लावायचा हे जीडीबी या डीबगरला कळतं कसं? लिनक्सवर डायनॅमिक लिंकर (प्रोग्रामला लायब्रऱ्या जोडून देणारा) लोड झालेल्या लायब्रऱ्यांची एक साखळी ठेवतो: प्रत्येकीचं नाव आणि ती मेमरीत कुठे बसली तो पत्ता. साखळी बदलली की तो एक रिकामं फंक्शन बोलावतो. जीडीबीने तिथे स्वतःचा ब्रेकपॉइंट आधीच लावलेला असतो. प्रोग्राम तिथे थांबला की जीडीबी साखळी वाचतो आणि सिम्बॉल्सचे (फंक्शन, व्हेरिएबल यांच्या नावांचे) पत्ते त्या जागेनुसार सरकवतो.

सध्या एवढंच कर:

- लायब्ररीसुद्धा '-जी' (डीबग माहिती घालणारा कंपायलरचा पर्याय) देऊन बिल्ड कर. फक्त मुख्य प्रोग्रामला देणं ही नेहमीची पहिली चूक.
- ब्रेकपॉइंट 'पेंडिंग' (लायब्ररी येईपर्यंत राखून) ठेवू का, असं जीडीबीने विचारलं तर 'वाय' लिही. नुसतं एंटर दाबलंस तर तो 'नाही' धरतो.
- अडलास की आधी 'इन्फो शेअर्डलायब्ररी' ही कमांड दे, लोड झालेल्या लायब्रऱ्यांची यादी दिसेल. 'येस'पुढे चांदणी दिसली तर डीबग माहिती नाही.

त्याच यादीतला पाथ नीट वाच. रिबिल्ड करूनही भलत्या फोल्डरमधली जुनी फाइल लोड होत असते. माझा एक अख्खा शनिवार त्यात गेलाय. जमेल तुला, आज एका छोट्या प्लगइनवर करून बघ.