छोट्या हॉलमध्ये रॉक ट्रिब्यूट नाइट करायची तर किती वॅटचा साउंड लागतो?

तुमचा हॉल 200 खुर्च्यांचा, बंद, तालुक्याच्या गावी. बँड क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी वाजवणारा. साउंडवाला म्हणतो 10 हजार वॅट लागतील, "गावातल्या लोकांना दणदणाटच लागतो". ते पुरतील का आणि तिकीट किती ठेवावं, असा प्रश्न आहे.

दणदणाटाचं ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे तेव्हाचा फारोख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. 1958 च्या सुमारास तिथल्या पोरांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचा. छोट्या गावाला कान नसतात हे मला कोणी सांगू नये.

वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. दोन चांगले 12 इंची टॉप (वर लावायचे मुख्य स्पीकर) आणि दोन 18 इंची बेस बिन (खर्जाच्या आवाजाचे स्पीकर) तुम्हाला पुष्कळ झाले. टॉप माणसांच्या डोक्यांच्या वर आणि गायकाच्या माइकच्या पुढे हवेत, एवढं बघा. अशा रात्रीचा विचका साउंड कमी पडून होत नाही, स्टेजवरच्या आवाजाने होतो. आणि त्यात पहिला नंबर गिटारच्या ॲम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीचा.

"ॲम्प उघडल्याशिवाय (म्हणजे आवाज पूर्ण वाढवल्याशिवाय) टोन येत नाही" हे गिटारवाल्यांचं पालुपद मी किती वर्षं ऐकतोय. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे व्हॉक्स एसी-30 या ॲम्पवर वाजवतो, म्हणून क्वीन वाजवणाऱ्यालाही तोच हवा असतो. 30 वॅट ऐकायला कमी वाटतात, पण शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असलेल्या हॉलमध्ये तो कान फोडतो. बघा काय होतं. ॲम्प जमिनीवर, म्हणजे त्याचा स्पीकर गिटारवाल्याच्या पोटरीशी. तीक्ष्ण सूर सरळ रेषेत पुढे जातात, त्याच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. त्याला आवाज बोथट लागतो, तो ट्रेबल वाढवतो आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई शिरते. मग गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही, तो मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) वाढवायला सांगतो, मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते, साउंडवाला माइकचाच आवाज कमी करतो. क्वीनच्या गाण्यांचा जीव त्या थरावर थर चढवलेल्या आवाजांत आहे. तेच बुडाले तर ट्रिब्यूट कसला?

म्हणून ॲम्प खुर्चीवर ठेवा, मागे कलता, तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे. आवाज ड्रमच्या खालीच. फारच हट्ट असेल तर पॉवर अटेन्युएटर लावा, म्हणजे ॲम्प पूर्ण उघडूनही स्पीकरचा आवाज कमी ठेवणारं यंत्र. ड्रमखाली सतरंजी, मागच्या भिंतीला जाड पडदा, स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) चिकटपट्टीने रुमाल. माइक फक्त बेस ड्रमला द्या, कारण चालू माइक दुप्पट झाले की शिट्टी 3 डेसिबल आधीच सुरू होते.

गायकाचं तोंड माइकपासून 10 सेंटिमीटरवर असेल तर 5 वर आणा. सुमारे 6 डेसिबल फुकट मिळतात, तेवढ्यासाठी वॅट चौपट करावे लागले असते. माइक एसएम-58 मॉडेलचा असेल तर मॉनिटर बरोब्बर माइकच्या पाठीमागे ठेवा, बीटा-58 असेल तर थोडा बाजूला. माइकची जाळी मुठीत धरायची नाही, शिट्टीला ते आमंत्रणच. साउंडचेक गायकांपासून सुरू करा, गिटार सगळ्यात शेवटी. रिकाम्या हॉलमध्ये वरचे सूर जास्त कर्कश वाटतात, माणसं भरली की ते शोषले जातात. तेव्हा संध्याकाळी पाचला ट्रेबल कापून टाकू नका.

अर्थिंग मात्र स्वतः तपासा. जुन्या हॉलमध्ये सॉकेटला अर्थचं भोक असतं आणि मागे वायरच नसते. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. पाच व्होल्टच्या वर काही दिसलं तर गिटारवाल्याचे ओठ त्या माइकला लागता कामा नयेत. घरघर घालवायला अर्थची पिन काढणाऱ्याला स्टेजवर उभं करू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त आवाजाच्या वायरीची अर्थ तोडतं. लाइटचे डिमर वेगळ्या फेजवर घ्या.

परवान्याचं म्हणाल तर गाणी प्रत्यक्ष वाजवली तरी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा लागतो. मध्यंतरात रेकॉर्ड लावणार असाल तर त्याचा वेगळा. रात्री 10 नंतर बंद सभागृहाला नियमात सूट आहे, पण उकाड्याने कोणी खिडक्या उघडल्या की शेजारी पोलिसांना फोन करणारच. साडेनऊला संपवा.

तिकिटाचं गणित तुमच्या गावाचं तुम्हीच करा. फक्त साउंडचं भाडं कमी झालं तर त्यातून एक जादा मॉनिटर घ्या. आणि हो, हे सगळं बंद हॉलपुरतं. उघड्या मैदानात भिंती नसतात, तिथे साउंडवाल्याचे वॅट खरंच कामाला येतात.