चवळी भिजवण्यासाठी पीएचडी कशाला?

नमस्कार,

तुमची मुलगी परभणीला फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका नायजेरियन प्राध्यापिकेचा चवळीवरचा शोधनिबंध वाचून 'मलाही असंच प्राध्यापक व्हायचंय' असं ती म्हणते. तुम्ही लिहिता, 'चवळी किती भिजवायची हे तिची आजीपण सांगेल, त्यासाठी आणखी सात-आठ वर्षं शिकायचं?'

आजीचा अंदाज तिच्या पातेल्यापुरता. डबाबंद चवळीच्या कारखान्यात वाण बदलला की दाणा किती पाणी पितो, कधी शिजतो, हे आकड्यांत लागतं. मुलीने ज्यांचा निबंध वाचला त्या प्रा. केहिंदे तायवो यांनी १९९०च्या दशकात सहकाऱ्यांसोबत हेच मोजलं. त्या नायजेरियातल्या इले-इफे शहरातल्या ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठातल्या. (योरुबा भाषेत तायवो म्हणजे जुळ्यांतलं आधीचं, केहिंदे नंतरचं. बाईंच्या नावात दोन्ही!) पुढे बर्लिनमधल्या संशोधकांबरोबर त्यांनी सफरचंदाच्या फोडींवर काम केलं: विजेचे क्षणिक झटके दिले की पेशींच्या पडद्याला छिद्रं पडतात आणि साखरेच्या पाकात फोड लवकर पाणी सोडते. २००६ साली त्यांचा लेख आला कसाव्यावर. आपला साबुदाणा होतो तोच हा कंद. तो सर्वांत जास्त पिकतो नायजेरियात, पण काढल्यावर दोन-तीन दिवसांत खराब व्हायला लागतो आणि त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. म्हणून तो किसून, आंबवून, पिळून, भाजून त्याची 'गारी' करतात.

चवळीत पाणी शिरवायचं, फोडीतून काढायचं, कसाव्यातून पिळायचं. मला तरी यात तीन विषय दिसत नाहीत. मुलीला हे दाखवा.

आता तुमच्या काळजीचं. नायजेरियातल्या विद्यापीठांत ग्रॅज्युएट असिस्टंटपासून प्रोफेसरपर्यंत सात पायऱ्या आहेत, असिस्टंट लेक्चरर, लेक्चरर टू, लेक्चरर वन, सीनियर लेक्चरर, रीडर असं करत. २०२२ मध्ये सरकारी विद्यापीठांतले प्राध्यापक आठ महिने संपावर होते आणि त्या काळाचे पगार अडवले गेले. वीजही बेभरवशाची. आपल्याकडचं चित्र वेगळं असलं तरी कायम जागा कमी आणि कंत्राटी जास्त, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे तुमची भीती खरीच आहे.

तरी आजच 'नाही' म्हणू नका. 'प्राध्यापक व्हायचंय' एवढं मात्र मला पुरत नाही. शेवटच्या वर्षी कारखान्यातलं प्रशिक्षण असतं, ते तिने डाळ मिल किंवा सुकवणीच्या युनिटमध्ये मागून घ्यावं. तिथे रोज एक गोष्ट वहीत टिपावी: माल कुठे वाया गेला आणि का. सोबत गेट परीक्षेच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमधला फूड टेक्नॉलॉजीचा भाग सुरू करावा, एम.टेक.साठी उपयोगी पडेल.

वही भरली तर ती घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. रिकामी राहिली तर कंपनीच्या नोकरीचा अर्ज मी स्वतः लिहून देईन.